कुठल्या कॉलेजने सगळ्यात भारी पोरं उचलली? अमेरिकेत हे मोजतात तरी कसं?

९ जानेवारी २०२३. कॅलिफोर्नियातल्या सोफाय स्टेडियमवर अमेरिकन कॉलेज फुटबॉलची फायनल होती. एका बाजूला जॉर्जिया विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला टेक्सासमधलं टीसीयू. टीसीयूने सेमीफायनलमध्ये मिशिगनसारख्या बलाढ्य संघाला ५१-४५ असं हरवलं होतं. त्यामुळे अनेकांना वाटत होतं, आता काहीतरी चमत्कार होणार.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. जॉर्जियाने ६५-७ असा धुव्वा उडवला.

मात्र एका गटाला या निकालाचा फारसा धक्का बसला नाही. शाळेतून कॉलेजात येणाऱ्या खेळाडूंच्या याद्या वर्षानुवर्षं चाळणारी ही मंडळी. दोन्ही संघांनी आधीच्या चार वर्षांत कोणती पोरं भरती केली होती, हे त्यांना पाठ होतं. त्या हिशोबात जॉर्जिया आणि टीसीयू यांच्यात पहिल्यापासूनच मोठी दरी होती.

हा हिशोब कसा मांडतात, तो कुठे बरोबर येतो आणि कुठे फसतो, तेच आज समजून घेऊ.

भरतीला एवढं महत्त्व का?

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करू. इथे फुटबॉल म्हणजे आपण खेळतो तो पायाने खेळायचा फुटबॉल नाही. हेल्मेट आणि खांद्यावर पॅड घालून, लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा आणि एकमेकांना आडवं करण्याचा हा अमेरिकन खेळ. कॉलेजच्या सामन्यांनाही तिथे तुफान गर्दी होते. एकट्या मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १ लाख ७ हजारांच्या वर आहे.

वर एनएफएल ही व्यावसायिक लीग आहे. तिथे नवे खेळाडू वाटताना आदल्या वर्षी सगळ्यात खराब खेळलेल्या संघाला पहिली निवड मिळते. म्हणजे दुबळ्याला हात देण्याची सोय नियमातच आहे. कॉलेजात असं काही नाही. तिथे शाळेतला खेळाडू स्वतः ठरवतो की कुठल्या कॉलेजात जायचं. त्यामुळे जो जिंकतो त्याच्याकडे चांगली पोरं जातात, आणि चांगली पोरं गेली की तो पुन्हा जिंकतो. आपल्याकडे अकरावी प्रवेशाला ठरावीक कॉलेजांची कटऑफ दरवर्षी वरच राहते, तसाच काहीसा प्रकार.

शिवाय शाळा सोडल्यावर तीन वर्षं उलटल्याशिवाय एनएफएलचं दार उघडत नाही. म्हणजे देशातल्या जवळपास प्रत्येक गुणी खेळाडूला मधली वर्षं कॉलेजात काढावीच लागतात. शाळांमध्ये हा खेळ खेळणारी मुलं साधारण १० लाख. वरच्या श्रेणीतली कॉलेजं सव्वाशेच्या थोडी पुढे. आणि खऱ्या अर्थाने गुणवान म्हणावेत असे खेळाडू दरवर्षी काहीशे. या काहीशे पोरांसाठी प्रशिक्षक देशभर फिरतात, घरी जाऊन आईवडिलांना भेटतात आणि पोरांना कॅम्पस दाखवायला नेतात.

स्टार कोण देतं?

हॉटेलांना देतात तसे या खेळाडूंनाही स्टार मिळतात. २४७स्पोर्ट्स, रायव्हल्स, ईएसपीएन आणि ऑन३ ही या धंद्यातली ओळखीची नावं. त्यांची माणसं शाळेच्या मॅचेस बघतात, व्हिडिओ तपासतात, शिबिरांना हजेरी लावतात. उंची, वजन, वेग, हाताची लांबी, कुठल्या दर्जाच्या संघांविरुद्ध खेळला, हे सगळं पाहून मुलाला गुण दिले जातात आणि त्या गुणांवरून दोन ते पाच स्टार ठरतात.

यातले पाच स्टार म्हणजे अगदी मोजकी मुलं. २४७स्पोर्ट्स साधारण ३२ जणांनाच पाच स्टार देतं. हा आकडा एनएफएलवरून घेतला आहे. तिथे ३२ संघ आहेत, म्हणजे निवडीच्या पहिल्या फेरीत ३२ खेळाडू उचलले जातात. थोडक्यात, 'हा पोरगा तीन-चार वर्षांनी पहिल्या फेरीत जाईल' असं भाकीत म्हणजे पाच स्टार. त्याखाली चार स्टारवाले काहीशे, आणि त्याहून खाली तीन स्टारवाल्यांची मोठी रांग.

वेगवेगळ्या संस्थांची मतं जुळतातच असं नाही. म्हणून २४७स्पोर्ट्सने सगळ्यांचे गुण एकत्र करून 'कंपोझिट' नावाचा एक सामाईक आकडा तयार केला. हल्ली कॉलेजांची तुलना करताना बहुतेक वेळा हाच आकडा वापरला जातो.

तीन मापं, तीन उत्तरं

खरी गंमत इथून सुरू होते. एकेका खेळाडूला गुण दिले, पण आख्ख्या कॉलेजची भरती कशी मोजायची?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 'अ' कॉलेजने यंदा २८ खेळाडू घेतले, त्यांचे सरासरी गुण ८८. 'ब' कॉलेजने १८ खेळाडू घेतले, सरासरी ९२.

नुसती बेरीज केली तर 'अ'चे २,४६४ आणि 'ब'चे १,६५६. 'अ' खूपच पुढे. सरासरी बघितली तर 'ब' पुढे. आता समजा 'अ'च्या २८ पैकी ९ जण चार किंवा पाच स्टारवाले आहेत आणि 'ब'च्या १८ पैकी १३. या मापाने 'अ' ३२ टक्के आणि 'ब' ७२ टक्के. म्हणजे 'ब' कितीतरी पुढे.

मग बरोबर कोण? प्रत्येक मापात खोट आहे. बेरीज केली की संख्येला भाव येतो, दहा सामान्य खेळाडू जास्त घेतले तरी क्रमांक वर जातो. सरासरी घेतली की जास्त जागा भरणाऱ्याला उगाच शिक्षा होते. फक्त पाचच खेळाडू घेतले आणि ते पाचही उत्तम निघाले, तर सरासरी झकास दिसेल, पण पाच जणांत संघ उभा राहत नाही.

यावर २४७स्पोर्ट्सने मधला मार्ग काढला. त्यांच्या सूत्रात कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचे गुण जवळपास पूर्ण धरतात, दुसऱ्याचे थोडे कमी, तिसऱ्याचे आणखी कमी. हे प्रमाण घंटेच्या आकाराच्या आलेखाप्रमाणे उतरत जातं. यादीच्या तळाशी असलेल्या खेळाडूने एकूण गुणांत फारशी भर पडत नाही. त्यामुळे नुसती गर्दी जमवून वर जाता येत नाही, आणि जास्त खेळाडू घेतले म्हणून तोटाही होत नाही.

निम्म्याचा नियम

हे झालं एका वर्षाचं. पण कॉलेजच्या संघात एका वेळी चार-पाच वर्षांच्या भरतीतली पोरं एकत्र खेळतात. मग एका वर्षाच्या यादीवरून संघाची ताकद कशी कळणार?

बड इलियट या क्रीडा पत्रकाराने यासाठी एक सोपं माप लोकप्रिय केलं, 'ब्लू-चिप रेशो'. मागच्या चार वर्षांत शाळेतून घेतलेल्या खेळाडूंपैकी चार किंवा पाच स्टारवाले किती टक्के, एवढंच पाहायचं. त्याचं निरीक्षण असं, की भरतीच्या याद्या नीट निघू लागल्यापासून राष्ट्रीय विजेता ठरलेल्या प्रत्येक संघात हे प्रमाण ५० टक्क्यांच्या वर होतं.

दरवर्षी ही रेषा ओलांडणारी कॉलेजं दीड डझनाच्या आतबाहेरच असतात. म्हणजे हंगाम सुरू होण्याआधीच शंभरावर संघ विजेतेपदाच्या शर्यतीतून कागदावर बाद! २०१६ च्या हंगामातलं क्लेमसन आणि २०२३ च्या हंगामातलं मिशिगन हे विजेते ही रेषा थोडक्यात ओलांडून गेले. अलाबामाचं प्रमाण मात्र भराच्या काळात ८० टक्क्यांच्याही पुढे जायचं. निक सेबन २००७ ते २०२३ तिथे मुख्य प्रशिक्षक होते. एवढ्या वर्षांत त्यांनी ६ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, आणि त्यांची भरती बहुतेक वर्षं पहिल्या क्रमांकावर किंवा त्याच्या आसपास असायची. जॉर्जियाचे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट हे त्यांच्याच हाताखाली तयार झालेले.

सुरुवातीला सांगितलेल्या फायनलमध्ये जॉर्जिया या रेषेच्या खूप वर होता आणि टीसीयू खूप खाली. एखाद्या दिवशी दुबळा संघ बलाढ्य संघाला हरवू शकतो. बॉइसी स्टेटने २००७ च्या फिएस्टा बाउलमध्ये ओक्लाहोमाला ४३-४२ असं हरवलं, ती मॅच आजही लोकांच्या तोंडी आहे. पण असे सामने लागोपाठ जिंकायचे तर बाकावर बसलेला गडीही तगडा लागतो. मुख्य खेळाडू जखमी झाला तर त्याच्या जागी कोण येणार, याचं उत्तर भरतीच्या यादीत असतं.

मग स्टार नसलेले खेळाडू चमकतात ते कसे?

आता तुम्ही म्हणाल, स्टार एवढे खरे असतील तर जे. जे. वॉटचं काय? शाळेतून बाहेर पडताना त्याला जेमतेम दोन स्टार होते. सेंट्रल मिशिगनमध्ये एक हंगाम काढून तो शिष्यवृत्तीशिवाय विस्कॉन्सिनच्या संघात दाखल झाला. पुढे एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू हा किताब त्याने तीनदा मिळवला. जोश ॲलनला शाळेतून एकाही मोठ्या कॉलेजचं बोलावणं आलं नव्हतं. तो आधी एका छोट्या दोन वर्षांच्या कॉलेजात गेला, तिथून वायोमिंगला, आणि पुढे एनएफएलच्या अव्वल क्वार्टरबॅकांत जाऊन बसला.

आणि सगळ्यात मजेशीर उदाहरण खुद्द जॉर्जियाचं. टीसीयूला ६५ गुण ठोकणाऱ्या त्या संघाचा क्वार्टरबॅक होता स्टेटसन बेनेट. हा गडी मुळात शिष्यवृत्तीशिवाय, 'वॉक-ऑन' म्हणून संघात आलेला.

ही उदाहरणं खरी आहेत, पण त्यावरून स्टारपद्धत खोटी ठरत नाही. इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र होतात. पाच स्टारवाले वर्षाला तीसेक, तीन स्टारवाले त्यांच्या कितीतरी पट. त्यामुळे एनएफएलमध्ये मोजायला गेलं तर तीन स्टारवाले बरेच दिसणार. पण पाच स्टारवाल्या एका मुलाची तिथे पोहोचण्याची शक्यता तीन स्टारवाल्या एका मुलापेक्षा कितीतरी जास्त असते. हजार माणसांच्या गावातून दहा डॉक्टर झाले आणि दहा माणसांच्या घरातून पाच, तर डॉक्टर जास्त गावाचे म्हणायचे, पण ते घर वेगळंच आहे हे कुणालाही कळेल.

म्हणून भरतीच्या याद्या गटाबद्दल बऱ्यापैकी खरं सांगतात. एकट्यादुकट्या पोराबद्दल मात्र त्यांचा भरवसा धरता येत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचं शरीर अजून वाढत असतं. कोण तीन इंच उंच होईल, कुणाचा गुडघा जाईल, कुणाचं मनच खेळातून उडेल, हे कुठल्याही शिबिरात कळत नाही.

आणखी एक अडचण आहे. जॉर्जिया किंवा अलाबामाने एखाद्या अनोळखी मुलाला बोलावलं, की गुण देणाऱ्यांचंही त्याच्याकडे लक्ष जातं आणि बऱ्याचदा त्याचे गुण वाढतात. मग तोच मुलगा तिथे दाखल झाला की कॉलेजच्या यादीचे गुणही वाढतात. म्हणजे काही प्रमाणात मोठ्या कॉलेजची भरती चांगली दिसते, कारण ती मोठ्या कॉलेजने केलेली असते.

घराजवळचं पीक

तुलना करताना नकाशाही समोर ठेवावा लागतो. टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया आणि जॉर्जिया ही राज्यं गुणी खेळाडूंची कोठारं. सतरा वर्षांच्या मुलाला घरापासून फार लांब जायचं नसतं, आईवडिलांनाही शनिवारी मॅच बघायला जाता यावं असं वाटतं. त्यामुळे जॉर्जियाच्या प्रशिक्षकाला अटलांटा आणि आसपासच्या शाळांमध्येच पुष्कळ माल मिळतो.

नेब्रास्काचं बघा. राज्याची लोकसंख्या जेमतेम २० लाख. १९९४, १९९५ आणि १९९७ अशी तीन विजेतेपदं या विद्यापीठाने चार वर्षांत मिळवली होती. पण गावात पीकच कमी, त्यामुळे खेळाडू बाहेरून आणावे लागतात. नेब्रास्का भरतीत विसाव्या क्रमांकावर आला आणि टेक्सासमधलं एखादं कॉलेज पंधराव्या, तर जास्त घाम कुणी गाळला? नुसता क्रमांक याचं उत्तर देत नाही. त्यासाठी दोन गोष्टी बघाव्या लागतात. आपल्या राज्यातली किती चांगली पोरं राखली, आणि बाहेरून किती ओढून आणली. ओरेगनच्या राज्यातही स्थानिक खेळाडू मोजकेच, तरी ते कॉलेज देशभरातून पोरं आणतं. त्यामागे नायकीचे सहसंस्थापक फिल नाइट यांचं मोठं आर्थिक पाठबळ आहे.

पोरं आणली, पुढे काय?

२०२२ मध्ये टेक्सास ए अँड एमने भरतीत इतिहास घडवला. २४७स्पोर्ट्सच्या सूत्रानुसार तोवरच्या कुठल्याही कॉलेजला मिळाले नव्हते एवढे गुण त्यांच्या यादीला मिळाले. त्याच वर्षी संघाने १२ पैकी ७ सामने गमावले. त्या गाजलेल्या यादीतले बरेच खेळाडू पुढे दुसरीकडे निघून गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढलं, आणि करार मोडल्याबद्दल ७.५ कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम त्यांना द्यायचं ठरलं. त्या वेळच्या भावाने ६०० कोटी रुपयांच्या पुढे!

उलट बाजूला आयोवा, विस्कॉन्सिन अशी कॉलेजं आहेत. यांची भरती क्वचितच पहिल्या दहांत दिसते, पण तीन स्टारवाली, कधी दोन स्टारवाली पोरं घेऊन ती एनएफएलपर्यंत नेतात. आयोवाचा जॉर्ज किटल हे त्यातलंच एक नाव. म्हणून प्रशिक्षकाचं खरं मोल पाहायचं तर आणताना पोरांचे गुण किती होते आणि बाहेर पडताना त्यातले किती एनएफएलमध्ये गेले, यातला फरक बघा.

२०२१ नंतर सगळी गणितं बदलली

पूर्वी कॉलेज बदललं तर खेळाडूला साधारण एक हंगाम बाहेर बसावं लागायचं. २०२१ मध्ये एकदा बदलीची मोकळीक मिळाली आणि २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पाळून कितीही वेळा बदलता येतं. 'ट्रान्सफर पोर्टल' नावाच्या यादीत नाव टाकलं की इतर कॉलेजं संपर्क करू शकतात. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातींतून पैसे कमवायची परवानगी मिळाली. त्यानंतर 'हाऊस' खटल्याची तडजोड जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केली आणि कॉलेजंच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळे खेळ मिळून साधारण २.०५ कोटी डॉलरची मर्यादा.

याचा परिणाम? शाळेतून भरती चुकली तरी आता दुरुस्ती करता येते. २०२४ च्या हंगामात ओहायो स्टेट विजेता ठरला, तेव्हा त्याचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटमधून आलेला होता. पण ओहायो स्टेट मुळातच भरतीत श्रीमंत. खरा धक्का दिला तो इंडियानाने.

इंडियाना म्हणजे फुटबॉलमध्ये सर्वाधिक पराभव नावावर असलेल्या विद्यापीठांपैकी एक. २०२३ मध्ये ३ विजय, ९ पराभव. मग कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक झाले. त्यांनी आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातले आपले खेळाडू सोबत आणले, पोर्टलमधून अनुभवी गडी वेचले. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्निया विद्यापीठातून आला. शाळेत असताना हाच मुलगा आधी येलला जाणार होता, मोठ्या संघांना त्याच्यात फारसा रस नव्हता. २०२५ च्या हंगामात त्याला सर्वोत्तम खेळाडूची हाइसमन ट्रॉफी मिळाली आणि जानेवारी २०२६ मध्ये इंडियानाने मायामीला २७-२१ ने हरवून विजेतेपद पटकावलं. १६ सामने, १६ विजय. इंडियानाचं ब्लू-चिप प्रमाण ५० टक्क्यांच्या कितीतरी खाली होतं.

निम्म्याचा नियम अखेर मोडला. कारण ते माप फक्त शाळेतून आलेल्यांना मोजतं, आणि इंडियानाचा संघ उभा राहिला तो दुसऱ्यांच्या मैदानावर तयार झालेल्या खेळाडूंवर.

यात शाळेतल्या पोरांचं काय?

या बदलाचा फटका बसतोय तो मधल्या फळीतल्या मुलांना. पाच स्टारवाल्याला आजही दहा कॉलेजं बोलावतात, आणि आता वर पैसेही मिळतात. पण तीन स्टारवाला मुलगा म्हणजे दोन-तीन वर्षं मेहनत घेऊन घडवायचा गडी. प्रशिक्षकाला याच वर्षी निकाल हवा असतो. त्याच्यासमोर एकीकडे अठरा वर्षांचा हा होतकरू पोरगा आणि दुसरीकडे पोर्टलमधला बावीस वर्षांचा, तीस सामने खेळलेला खेळाडू. जागा कुणाला जाईल हे सांगायला नको. त्यात तडजोडीनंतर फुटबॉल संघात १०५ खेळाडूंची मर्यादा आली, त्यामुळे बेनेटसारख्या वॉक-ऑन मुलांच्या जागाही आक्रसल्या. अनेक घरांसाठी ही शिष्यवृत्ती म्हणजे कॉलेज शिक्षणाचा एकमेव मार्ग असते. तो रस्ता आता अरुंद होतोय.

पुढच्या वेळी यादी बघताना

डिसेंबरच्या सुरुवातीला शाळेतली मुलं करारावर सह्या करतात आणि त्याच दिवशी 'भरतीत कोण पहिला' अशा बातम्या येतात. तेव्हा पाच प्रश्न विचारा. हा क्रमांक संख्येमुळे आलाय की दर्जामुळे? एका वर्षाचा आहे की चार वर्षांचा? पोरं घराजवळची की लांबून आणलेली? दोन वर्षांनी त्यातली किती टिकली? आणि पोर्टलमधून कोण आलं, कोण गेलं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याच दिवशी मिळतात. तिसऱ्यासाठी नकाशा काढावा लागतो. शेवटच्या दोन प्रश्नांसाठी मात्र थांबावं लागतं, आणि टेक्सास ए अँड एमला सगळ्यात महाग पडली ती त्यांचीच उत्तरं.